ताठ मानेचं माप

मास्तर,

तुम्ही गेलात म्हणून मी त्या लोकांना माफ केलं असेल, असं कोणी समजू नये. तुम्हीसुद्धा समजू नका. माणूस गेला की राग निवतो, असं सगळे सांगत होते. माझा उलट पेटला. पहिले तेरा दिवस मी तुमच्यासाठी नीट रडलोही नाही. सूड कसा घ्यायचा आणि आधी कोणावर घ्यायचा, यातच ते गेले. तुम्ही असतात तर मशीनवरून मान न उचलता म्हणाला असतात, “परविण्या, पह्यले चहा सांग, मंग सूड घेजो.”

पण तुम्ही नव्हतात, आणि मला थांबवायला दुसरं कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. आपली इंटरनेटवरची मालिका ‘इंचीटेप’ विकत घेऊन जिनं नव्यानं केली, त्या कंपनीतली मुलगी बोलत होती. आवाज दुःखी होता आणि तो बहुतेक खरा होता. ती म्हणाली, “सर, मास्तरांना श्रद्धांजली म्हणून आम्ही एक मिनिटाची क्लिप टाकतोय. वर दोन ओळी तुम्ही लिहून द्याल का? तुमच्या तिकडच्या गोड भाषेत?”

मी विचारलं, “क्लिपमध्ये आवाज कोणाचा आहे?”

ती म्हणाली, “म्हणजे... मालिकेत आहे तोच.”

मी फोन ठेवला. जिवंतपणी तुमच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घातला होता. आता मेल्यावरही तोच घालणार होते, वर गोड भाषेचं तोरण मला बांधायला सांगत होते. त्या दिवशी मी ठरवलं की तुमच्या तेरवीच्या आत याचा निकाल लावायचा. सूड घ्यायच्या माणसांची नावं मी वहीच्या मागच्या पानावर लिहिली. त्यातलं एक नाव मी या लेखाच्या शेवटी सांगणार आहे. तुमच्या गोष्टींचा नियमच तो होता, गुन्हेगार शेवटीच कळला पाहिजे. तो नियम तुम्ही स्वतः मात्र कधीच पाळला नाहीत.

आठवतं? आमचं गाव हिवरा आश्रमच्या रस्त्यावर. शाळा सुटायची चारला, आणि गावाची एसटी सहाला. मधले दोन तास मी मेहकरच्या तुमच्या टेलरिंगच्या दुकानात काढायचो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे शिकणाऱ्या पोराला बसायला जागा लागते हे घरी कोणाला सुचलं नव्हतं. ते तुम्हाला सुचलं. कापडाच्या तुकड्यांचं पोतं तुम्ही माझ्यासाठी खिडकीशी सरकवलंत आणि म्हणालात, “इथं बस. उजेड डाव्या हातानं आला पायजे लिवताना.” माझी शाळेची पॅन्ट तुम्ही शिवलीत, तेव्हा पायाशी आत चार बोटं कापड दुमडून ठेवलंत. माझे बाबा म्हणाले, “इतकं काऊन ठेवलं, मास्तर?” तुम्ही म्हणालात, “पोरगं वाढून राह्यलं, पॅन्ट काऊन थांबन?” दर वर्षी तुम्ही एक दुमड उसवायचात. दहावीला त्या पॅन्टवर जुन्या दुमडींच्या तीन फिक्या रेघा होत्या. वर्गात पोरं हसायची. मला त्या रेघा अजून आवडतात.

दुकानात छोटा टीव्ही होता. संध्याकाळी त्यावर हसवत हसवत चोर पकडायच्या मालिका लागायच्या. कोणी ढेरपोट्या वकील, कोणी चष्मा हरवणारा इन्स्पेक्टर, आणि शेवटी सगळे एका खोलीत. पाच-सहा गिऱ्हाइकं मान वर करून बघत असायची आणि तुम्ही मध्येच सगळ्यांचं वाटोळं करायचात.

“तो काळ्या कोटातला. त्यानंच केलं.”

“मास्तर, आता कुठं सुरू झालं बे!” कोणीतरी ओरडायचं.

“अबे, त्याच्या कोटाले आतून खिसा लावेल आहे. डिरेक्टरनं टेलरले सांगून लावला असन ना? मंग त्या खिशात काही त् जाईन. बाकीच्याइच्या कोटाले अस्तरही नाही.”

आणि विसाव्या मिनिटाला काळ्या कोटातला आतल्या खिशातून चोरीचा हार काढायचा. तुमच्यामुळे मी एकही गोष्ट शेवट माहीत नसताना पाहिली नाही. तो राग अजून शिल्लक आहे, हेही आज सांगून टाकतो.

‘इंचीटेप’ त्या खिशातून निघाली. माझा मित्र सचिन लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा, त्याच्याकडे कॅमेरा रिकामा होता. मी एमए होऊन कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो, माझ्याकडे वेळ रिकामा होता. गोष्टी मी लिहिल्या म्हणतो, पण त्या तुमच्याच होत्या. दुकान सोडून कुठे न जाणारा टेलर, आणि तो व्हायचात तुम्हीच. लोक माप द्यायला येतात, बोलतात, आणि त्यांच्या कपड्यांवरून हा चोऱ्या शोधतो. पहिल्या भागात विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला जाते. चार दिवस तापानं अंथरुणात होतो म्हणणारा माणूस सदरा शिवायला आणतो. तुम्ही तो सदरा उजेडात धरता आणि म्हणता, “तापातल्या मानसाचा सदरा पाठीवर चुरगळते, भाऊ. हा त् खांद्यावर फाटला.” मग प्रत्येक भागाच्या शेवटी येणारं ते वाक्य. टेप गळ्यातून काढायची, गुन्हेगाराच्या समोर जायचं आणि शांतपणे म्हणायचं, “सरळ उभा राह्य. माप घेऊ दे.” आणि त्याला सरळ उभं राहता यायचं नाही.

बीबी गावाच्या बाजारात अनोळखी लोक तुम्हाला बघून ताठ उभे राहायला लागले होते. सुमनकाकू नवऱ्याची फिरकी घेत म्हणायच्या, “यायले घरात कोनी इचारत नाही अन् बाजारात सलामी.” काकू मालिकेत नव्हत्या, पण दुकानातली काजं आणि बटणं त्यांचीच. तुम्ही कापायचं, त्यांनी पुरं करायचं.

मग पुण्याची कंपनी आली. आठ भाग, मोठा कॅमेरा, मोठे दिवे. अट एकच होती, आपले जुने सगळे भाग इंटरनेटवरून काढून टाकायचे. सही मी केली, कारण चॅनल माझ्या नावावर होतं. चेहरा तुमचाच ठेवला. शूटिंग मेहकरातच झालं आणि तुम्ही खूश होतात. शेवटी आवाज भरायला तुम्हाला पुण्याला बोलावलं. काकूंनी डब्यात चार दिवसांचा चिवडा दिला. तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत आलात. डबा भरलेलाच होता.

“झालं बी?” मी बस स्टँडवर विचारलं.

“झालं. ते म्हनत होते, आवाज बसून राह्यला नाही. दुसरा घेतीन.” आणि लगेच, “बसून राह्यला नाही म्हंजे काय बे? आवाज काय बाही आहे?”

मालिका आली तेव्हा तुमच्या घरी वीस-पंचवीस माणसं जमली होती. पडद्यावर तुम्ही मशीनवर बसला होतात. तोंड उघडलंत आणि आतून कोणा भलत्याच माणसाचा जाड, घोळवलेला आवाज आला, “आरं, काय रं लेकरा, नीट हुबा ऱ्हा की!” पुण्यामुंबईच्या पडद्यावर सगळी गावं असंच बोलतात. आपल्याकडे असं कोणी बोलत नाही. तुमचे ओठ ‘काऊन’ म्हणत होते, ऐकू ‘का रं’ येत होतं. आधी दोघं हसले. मग कोणी हसलं नाही. सुमनकाकू पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे कोन बोलून राह्यलं यायच्या तोंडातून?”

तुम्ही आठही भाग खाली मान घालून पाहिलेत. त्यातल्या एकाही भागात, कोणाच्या कोटाला खिसा आहे, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

आपलं भांडण त्यानंतर सुरू झालं आणि ते अर्धंच राहिलं. मी रोज दुकानात येऊन ओरडायचो. वर्तमानपत्रात लिहितो, व्हिडिओ टाकतो, त्या दिग्दर्शकाला मेहकरात पाय ठेवू देत नाही. तुम्ही म्हणायचात, “जाऊ दे बे. त्याईले आपलं बोलनं समजलं नसन.”

“समजलं नाही म्हणून काढून टाकायचं?”

“तूही त् कॉलेजात असं बोलत नाही.”

“ते वेगळं.”

एका दुपारी मी असाच तावातावानं बोलत होतो. तुम्ही मध्येच उठलात, टेप घेतलीत आणि माझं माप घ्यायला लागलात. म्हणालात, “हात वर कर. कॉलेजात काय ते जुने शर्ट घालून राह्यला, नवा शिवतो तुले.” मी ओरडत होतो आणि तुम्ही माझे खांदे, छाती, गळा मोजत होतात. गळ्यापाशी हात थांबला. “परविण्या, ज्याले दुसऱ्याचा राग येते तो मानूस छाती काढते. तुही मान काऊन खाली आहे?”

मी म्हणालो, “वह्या तपासून दुखते आहे.”

“हाव?” इतकंच म्हणालात, आणि मापाच्या वहीत काहीतरी लिहिलंत.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. भर दुपारी, दुकानात, मशीनचा पाय चालू असताना.

फोन आल्यापासून मी सूड रंगवत बसलो होतो. दहाव्या दिवशी काकूंनी दुकान उघडायला सांगितलं. लोकांची अर्धी शिवलेली कापडं परत करायची होती. मापाची वही काकूंनी माझ्या हातात दिली. प्रत्येक पानावर एक माणूस. सातवीपासूनचा मी एका पानावर होतो. उंची, कंबर, पुन्हा उंची. तुम्ही मापाशेजारी माणसाचा स्वभाव लिहायचात हे मला माहीत होतं. कोणाच्या पुढे ‘डावा खांदा पडका, पाटी उचलते’, कोणाच्या पुढे ‘पोट आत घेऊन उभा राहते, दोन इंच जास्त धर’. माझ्या शेवटच्या मापापुढे लिहिलं होतं: ‘मान खाली. गळा पुढं आला. सांगन तवा सांगन.’

मी पोत्यावर बसलो. तेच पोतं, खिडकीशी.

मास्तर, यादीतलं ते नाव आता सांगतो. तुम्हाला माहीत होतं, पण बाकीच्यांना नव्हतं. कंपनीशी झालेल्या पहिल्याच बैठकीत दिग्दर्शकानं मला विचारलं होतं, ही भाषा सगळ्या महाराष्ट्राला कळेल का? फक्त विचारलं होतं. मागणी केली नव्हती. त्याला हरकत आहे, असंही तो म्हणाला नव्हता. मी कॉलेजात असताना पुण्याला एका वक्तृत्व स्पर्धेला गेलो होतो. भाषणात तोंडातून एकदा ‘मले’ गेलं आणि अख्खं सभागृह हसलं. ते हसणं इतकी वर्षं माझ्या मानेवर बसलेलं आहे. मी घाईघाईनं म्हणालो, “नाही नाही, भाषा बदलता येईल. मास्तर जरा गावंढळ बोलतात. मी प्रमाण भाषेत लिहून देतो.” आणि आठही भाग तसे लिहून दिले. कॅमेऱ्यासमोर तुमच्या तोंडात ते पुन्हा ‘काऊन’च झालं. माझ्या लिहिण्यावर ‘आरं’ आणि ‘का रं’ त्यांनी नंतर शिंपडलं, पण तुमचं बोलणं आधी मी पुसलं होतं. पुढे त्यांनी फोन करून विचारलं, आवाज दुसऱ्याचा घेतला तर चालेल का, मास्तरांची नावापुरती चाचणी घेऊ. मी म्हणालो, “तुम्हाला योग्य वाटेल तसं.” तुम्हाला पुण्याच्या गाडीत बसवायला मी आलो होतो. चिवड्याचा डबा मी वर ठेवला होता. तेव्हा मला माहीत होतं.

मोठ्यानं ओरडणारा माणूस कोणाला संशयित वाटत नाही. हे मी तुमच्याकडूनच शिकलो होतो, आपल्या पाचव्या भागात तेच होतं.

त्या दुपारी काकूंनी माझ्या समोर एक गाठोडं सोडलं. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेलं, कापून ठेवलेलं शर्टाचं कापड. निळसर. काकूंनी तुकडे मांडीवर पसरले, गळ्याच्या कापावरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली.

“हे काय केलं यायनं? वहीत मान खाली लिवली, अन् कापलं ताठ मानेचं.”

“म्हणजे?”

“म्हंजे तू असा वाकून राह्यला त् हे गळ्याले टोचन. सरळ राह्यला तवाच बसन.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चुकून कापनारा मानूस नव्हता तो. काय केलं तुनं?”

मी म्हणालो, तेरवीला सांगतो. त्यांनी आग्रह केला नाही. दोन दिवसांत शर्ट शिवला. काजं केली, बटणं लावली.

तुम्ही सूड घ्यायला मला नेहमी मनाई केलीत. पण स्वतः किती शांतपणे घेतलात! कात्रीनं, एका गळ्याच्या कापात.

परवा तुमची तेरवी झाली. सचिननं मांडवात लग्नाचा पांढरा पडदा लावला होता. जुने भाग त्याच्या डिस्कवर होते, तुमच्या आवाजाचे. मी नवा शर्ट घातला होता आणि सकाळपासून कॉलर बोचत होती. पंगती बसायच्या आधी मी उभा राहिलो. प्रमाण भाषेत सुरुवात केली, “मित्रहो,” आणि तिथेच अडकलो. समोर तीनशे माणसं आणि तुमचा हार घातलेला फोटो. मी पुन्हा सुरुवात केली.

“मास्तरचा आवाज पुन्याच्या लोकाइनं काढला, असं म्या तुमाले सांगतलं. ते अर्धं खरं आहे. आधी म्या काढला. ते बोलनं गावंढळ आहे, असं म्या त्याईले म्हनलो. मले लाज वाटली होती.”

मागून कोणी म्हणालं, “अबे, तू?” कोणी शिवी दिली. ती माझ्या वाट्याचीच होती, मी घेतली. मग सचिननं पडदा सुरू केला आणि मांडवात तुमचा आवाज आला, सर्दी झाल्यासारखा, थोडा चिरका. “तापातल्या मानसाचा सदरा पाठीवर चुरगळते, भाऊ.” शिवी देणारे हसले. मग हसता हसता तोंड फिरवून बसले. शेवटचं वाक्य सगळ्या मांडवानं तुमच्या आधी म्हटलं. तुमच्यासारखाच सगळ्यांनी शेवट फोडला.

काकू पोळ्यांची टोपली घेऊन पंगतीतून जात होत्या. माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, बोलतील, बोलायलाच हवं होतं. त्यांनी टोपली खाली ठेवली, तुमच्यासारखी दोन बोटं माझ्या कॉलरीत मागून घातली आणि ओढून पाहिली.

“बसली,” म्हणाल्या, आणि टोपली उचलून पुढे गेल्या.

म्हणून मी कंपनीला सोडलं असं समजू नका. काल सकाळी मी आणि सचिननं सगळे जुने भाग पुन्हा इंटरनेटवर टाकले, एकही न वगळता. कागदावर सही माझी आहे, तेव्हा काय करायचं ते त्यांनी माझं करावं. संध्याकाळी दिग्दर्शकाचा निरोप आला, “हे कोणी अपलोड केलं?”

मी फार विचार केला नाही. लिहिलं, “म्या. माप घ्याचं असन त् या. मी सरळ उभा आहो.”